पावसाच्या पाण्याचा परवाना : अमेरिकेतील नगरपालिकेत नव्याने रुजू झालेल्या अभियंत्यासाठी

स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन अमेरिकेतील एखाद्या लहान शहराच्या सार्वजनिक कामांच्या विभागात रुजू झालेले मराठी तरुण मला अधूनमधून भेटतात, आणि बहुतेकांची पहिल्या महिन्यातली अडचण एकच असते. वरिष्ठ त्यांच्या टेबलावर शहराच्या पर्जन्यजल वाहिन्यांचा (‘एमएस फोर’चा) एक जाडजूड परवाना ठेवतात, ‘आपला एमएस फोर आता तुम्ही बघा’ असे सांगतात आणि आपल्या कामाला निघून जातात. महाराष्ट्रात पावसाच्या पाण्याचा विचार आपण पाणी तुंबण्याच्या अंगाने करायला शिकलेलो असतो. पाइपचा व्यास किती, उतार किती, रस्त्यावरचे पाणी किती मिनिटांत नाल्याला लागेल, हे प्रश्न आपल्याला सरावाचे असतात. या परवान्यातला प्रश्न वेगळा आहे. हे पाणी नदीपर्यंत पोहोचताना आपल्याबरोबर काय वाहून नेते, आणि ते कमी करण्यासाठी नगरपालिका रोज काय करते, एवढेच त्यात विचारलेले आहे. हा फरक पहिल्या दिवशी ध्यानात आला, तर पुढचे सगळे वाचन सोपे जाते.

मी स्वतः मॅसॅच्युसेट्समध्ये हे काम केले असल्यामुळे बहुतेक उदाहरणे त्या राज्यातील परवान्याची देणार आहे. इतर राज्यांत तपशील बदलतात, पण चौकट सर्वत्र एकाच केंद्रीय कायद्याची आहे.

कायदा थोडक्यात

१९७२ च्या स्वच्छ जल कायद्याने असे ठरवले की कोणत्याही पाइपातून किंवा चरातून जलप्रवाहात प्रदूषक सोडायचे असेल, तर परवाना घ्यावा लागेल. या परवाना पद्धतीला एनपीडीईएस म्हणतात. सुरुवातीला सगळे लक्ष कारखान्यांवर आणि मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांवर होते. १९८७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायद्याच्या कलम ४०२ मध्ये दुरुस्ती करून शहरांच्या पर्जन्यजल वाहिन्या स्पष्टपणे त्यात आणल्या. त्या दुरुस्तीतील दोन अपेक्षा पाठ करून ठेवाव्यात, कारण परवान्याची प्रत्येक अट शेवटी त्यांपैकी एकीपाशी जाऊन पोहोचते. पहिली अपेक्षा अशी की पावसाचे नसलेले पाणी पर्जन्यजल वाहिनीत येण्यास परिणामकारक बंदी असावी, आणि दुसरी अशी की प्रदूषण ‘व्यवहार्य असेल त्या कमाल मर्यादेपर्यंत’ कमी करावे.

त्यानंतर पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, दोन टप्प्यांत नियम केले. १९९० च्या पहिल्या टप्प्यात एक लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या व्यवस्था आल्या. १९९९ च्या दुसऱ्या टप्प्यात जनगणनेने शहरी ठरवलेल्या भागांतील लहान व्यवस्था आल्या, आणि त्यांना मार्च २००३ पर्यंत परवान्यासाठी अर्ज करणे भाग पडले. आज देशभरात सात हजारांहून अधिक व्यवस्था या परवान्याखाली आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिल्या टप्प्यात बॉस्टन आणि वुस्टर ही दोनच शहरे येतात. बाकी सगळी नगरे दुसऱ्या टप्प्यातली आहेत.

पहिली पायरी : आपली व्यवस्था नेमकी कोणती आणि परवाना कोणाचा, हे ठरवा

‘एमएस फोर’ म्हणजे नगरपालिकेची वेगळी पर्जन्यजल वाहिनी व्यवस्था. यातला ‘वेगळी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जुन्या शहरांच्या काही भागांत मैलापाणी आणि पावसाचे पाणी एकाच वाहिनीतून जाते. त्या संयुक्त वाहिन्यांसाठी निराळ्या अटी असतात आणि त्या एमएस फोरमध्ये मोडत नाहीत. दुसरीकडे ‘व्यवस्था’ म्हणजे फक्त जमिनीखालचे पाइप असेही नाही. रस्ता, त्याच्या कडेचा दगडी कठडा, जाळीखालचे चेंबर, उघडे चर, मोऱ्या, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारे नगराच्या मालकीचे सगळे काही यात धरले जाते. विद्यापीठे, तुरुंग, लष्करी तळ आणि राज्याचा महामार्ग विभाग यांच्याही अशा व्यवस्था असू शकतात, आणि आपल्या हद्दीत त्यांचे पाइप आपल्या पाइपांना कोठे येऊन मिळतात हे माहीत असणे पुढे फार उपयोगी पडते.

परवाना कोण देतो हेही तपासा. बहुतेक राज्यांत हा अधिकार राज्याच्या पर्यावरण खात्याकडे आहे. न्यू जर्सीत, जेथे मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तो तेथील पर्यावरण संरक्षण विभाग देतो. मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर ही अशी राज्ये आहेत जेथे ईपीए स्वतः परवाना देते. लहान नगरांना सहसा एकच सर्वसाधारण परवाना लागू होतो. त्यात सामील होण्यासाठी नगर एक इरादापत्र दाखल करते आणि स्वतःचा लेखी पर्जन्यजल व्यवस्थापन आराखडा तयार करते. आराखडा फाइलमध्ये आहे ना, तो शेवटचा केव्हा सुधारला, आणि त्यात ज्या अधिकाऱ्यांची नावे आहेत ते अजून नोकरीत आहेत का, हे पहिल्याच आठवड्यात पाहून घ्या.

दुसरी पायरी : परवाना वाचा आणि त्याचे वेळापत्रक करा

परवाना पाच वर्षांचा असतो आणि त्यातली बहुतेक कामे ‘अंमलात आल्यापासून इतक्या काळात’ अशा भाषेत लिहिलेली असतात. मॅसॅच्युसेट्सचा सध्याचा परवाना २०१६ मध्ये मंजूर झाला, पण १ जुलै २०१८ रोजी अंमलात आला. मुदती मोजताना ही दुसरी तारीख धरायची असते. वाचताना जेथे ‘करावे लागेल’ असे क्रियापद येईल तेथे खूण करा, आणि प्रत्येक खुणेसमोर काम, जबाबदार व्यक्ती, मुदत आणि पुरावा असे चार रकाने भरा. यातला पुरावा हा रकाना नवा माणूस हमखास गाळतो. केलेल्या कामाची नोंद नसेल, तर तपासणीच्या वेळी ते काम झालेच नाही असे धरले जाते, आणि नोंदी किमान तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन केंद्रीय नियमातच आहे.

जुन्या परवान्यांत ‘योग्य असेल तेथे’, ‘शक्यतो’ अशी मोघम भाषा असे. २०१६ मधील केंद्रीय नियमदुरुस्तीनंतर अटी स्पष्ट, विशिष्ट आणि मोजता येण्याजोग्या असाव्यात असे बंधन आले. नवख्या माणसाला ही भाषा जाचक वाटते, पण माझ्या मते ती त्याच्या सोयीचीच आहे, कारण अंदाजपत्रकाच्या बैठकीत आकडा दाखवता येतो आणि आकड्यासाठी पैसे मागता येतात.

तिसरी पायरी : नकाशा

लहान व्यवस्थांसाठी केंद्रीय नियमात सहा किमान उपाय सांगितले आहेत : लोकशिक्षण, लोकसहभाग, बेकायदा विसर्गाचा शोध, चालू बांधकामांवरील नियंत्रण, बांधकामानंतरचे नियंत्रण, आणि नगराच्या स्वतःच्या कामकाजातील स्वच्छता. परवान्यात ते याच क्रमाने येतात, पण काम या क्रमाने करू नका. नकाशाशिवाय यांतले काहीही नीट होत नाही, म्हणून सुरुवात नकाशापासून करा.

प्रत्येक आउटफॉल, म्हणजे आपला पाइप किंवा चर जेथे ओढ्यात, नदीत किंवा तळ्यात मोकळा होतो ते तोंड, नकाशावर क्रमांकासह असले पाहिजे. त्यानंतर मॅनहोल, कॅच बेसिन (रस्त्याच्या जाळीखालचे गाळ अडवणारे चेंबर) आणि त्यांना जोडणारे पाइप येतात, आणि प्रत्येक आउटफॉलला किती क्षेत्राचे पाणी येते ते पाणलोट क्षेत्र आखावे लागते. कार्यालयातील जुन्या नकाशांवर विसंबून राहू नका. हातात जीपीएस घेऊन, पायात गमबूट घालून, पाने गळून गेल्यानंतरच्या दिवसांत ओढ्याच्या काठाने चालत जा. झाडी दाट असताना न दिसणारी तोंडे तेव्हा दिसतात. आमच्या नगरात मी पहिल्या हिवाळ्याच्या तोंडावर असे चाललो, तेव्हा कोणत्याही कागदावर नसलेली आठ-दहा तोंडे सापडली. विभागात तीस वर्षे काढलेले जुने कामगार या बाबतीत अनमोल असतात. कोणत्या रस्त्याखाली पाइप कोठे वळतो हे त्यांना तोंडपाठ असते, आणि ते निवृत्त होण्यापूर्वी ही माहिती नकाशावर उतरवून घेणे हे परवान्यात न लिहिलेले, पण सर्वांत निकडीचे काम आहे.

चौथी पायरी : बेकायदा विसर्ग शोधणे

हा या कामाचा गाभा आहे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत समाधानाचाही. पर्जन्यजल वाहिनीतील पाणी कोणत्याही शुद्धीकरणाविना थेट ओढ्यात जाते. एखाद्या घराची मलवाहिनी चुकून तिला जोडलेली असेल, तर त्या घरातला मैला रोज नदीत मिसळत राहतो आणि घरमालकाला त्याची कल्पनाही नसते.

यासाठी कोरड्या हवेतील पाहणी करावी लागते. मॅसॅच्युसेट्सच्या परवान्यानुसार आधीच्या २४ तासांत ०.१ इंचापेक्षा जास्त पाऊस झालेला नसावा आणि बर्फही विशेष वितळलेला नसावा. तर्क साधा आहे : पाऊस नाही आणि तरी पाइपातून पाणी येते आहे, तर ते कोठून येते? ते निव्वळ भूजल असू शकते, किंवा मैलापाणी. म्हणून वाहत्या पाण्याचा नमुना घेऊन अमोनिया, क्लोरिन, साबणातील द्रव्ये, क्षारता, वाहकता, तापमान आणि जिवाणू तपासतात. अमोनिया लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम किंवा अधिक, साबणद्रव्ये ०.२५ मिलिग्रॅम किंवा अधिक आणि जिवाणू मानकाहून जास्त असतील, तर तेथे मैलापाणी असण्याची दाट शक्यता धरून ते तोंड प्राधान्ययादीत सर्वांत वर घ्यायचे असते. प्रत्येक आकड्यामागचे कारण समजून घ्या. अमोनिया मूत्रातून येतो, साबण धुण्याभांड्यांतून येतो आणि क्लोरिन नळाच्या पाण्यातून.

तोंड संशयास्पद ठरले की तेथून मॅनहोल उघडत वरच्या बाजूला जायचे. ज्या मॅनहोलला दोन फाटे मिळतात तेथे दोन्हीकडचे पाणी तपासायचे आणि दूषित फाट्याने पुढे सरकायचे. असे करत शोध दोन-चार घरांपुरता उरला, की घरमालकाच्या संमतीने संडासात रंग टाकून तो कोणत्या वाहिनीत उतरतो ते पाहतात. पाइपात धूर सोडण्याची किंवा कॅमेरा फिरवण्याचीही पद्धत आहे. एका जुन्या घराच्या तळघरातील कपडे धुण्याच्या यंत्राचे पाणी रस्त्याच्या कॅच बेसिनला जोडलेले आम्हाला असेच सापडले. घरातल्या आजींनी ते घर विकत घेतले, त्याच्या कितीतरी आधीची ती जोडणी होती. अशा वेळी नोटीस हातात घेऊन दारात उभे राहण्यापेक्षा शांतपणे समजावून सांगणे आणि प्लंबरच्या कामाला रास्त मुदत देणे जास्त उपयोगी पडते. तरीही परवान्याची अट लक्षात ठेवा : विसर्ग सापडल्यापासून ६० दिवसांत तो बंद करायचा, आणि ते शक्य नसेल तर लवकरात लवकरचे वेळापत्रक ठरवून त्याची नोंद ठेवायची.

बंदी घालण्याचा कायदेशीर अधिकार नगराकडे असावा लागतो, आणि तो उपविधीतून येतो. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या राज्यांच्या, नगरांत उपविधी नगरसभेत मतदानाने मंजूर होतात आणि अनेक ठिकाणी नियमित सभा वर्षातून एकदा वसंत ऋतूत भरते. मसुदा वेळेत तयार झाला नाही, तर अख्खे वर्ष जाते.

सगळेच पाणी बेकायदा नसते, हेही सांगितले पाहिजे. बागेला घातलेले पाणी, वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी, घरच्या घरी गाडी धुतल्याचे पाणी, क्लोरिन काढून टाकलेले जलतरण तलावाचे पाणी आणि आग विझवताना वाहिलेले पाणी यांना सहसा सूट असते.

पाचवी पायरी : बांधकामे, चालू आणि पूर्ण झालेली

एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे, किंवा त्याहून अधिक जमीन उकरली जात असेल, तर नगराने त्या कामाचे नकाशे तपासले पाहिजेत, गाळ अडवण्याची व्यवस्था मागितली पाहिजे, जागेवर जाऊन पाहणी केली पाहिजे आणि गरज पडल्यास काम थांबवले पाहिजे. येथे नव्या माणसाचा गोंधळ होतो. ठेकेदाराने बांधकामाचा वेगळा एनपीडीईएस परवाना घेतलेला असतो, म्हणून नगराची जबाबदारी संपत नाही; दोन्ही बंधने एकाच जागेवर एकाच वेळी लागू असतात. नगर स्वतः शाळा किंवा रस्ता बांधत असेल आणि काम एक एकरावर असेल, तर नगरालाही बांधकामाचा तो परवाना घ्यावा लागतो.

बांधकाम संपल्यानंतरची अट जास्त दूरगामी आहे. मृगाच्या पहिल्या सरीनंतर आपल्याकडच्या रस्त्यांवर तेलाचा जो तवंग दिसतो, तो डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावर साचलेल्या घाणीचा मोठा वाटा सुरुवातीच्या पाण्याबरोबर जातो, म्हणून तेवढे पाणी जागच्या जागी मुरवले तर नदीचा मोठा फायदा होतो. मॅसॅच्युसेट्समध्ये नव्या विकासाने छप्पर, डांबर आणि काँक्रीट अशा पाणी न मुरणाऱ्या क्षेत्रावर पडणारे एक इंच पाणी अडवायचे असते, किंवा तरंगत्या कणांत ९० टक्के आणि फॉस्फरसमध्ये ६० टक्के घट साधायची असते. पुनर्विकासासाठी हेच आकडे ०.८ इंच, ८० टक्के आणि ५० टक्के असे आहेत. यासाठी पर्जन्यबागा, मुरणचर आणि साठवण तळी बांधली जातात, आणि पाच वर्षांनी ती गाळाने भरून निरुपयोगी होतात, कारण देखभाल कोणी करायची हे कागदावर पक्के झालेले नसते. म्हणून मंजुरी देतानाच देखभालीचा करार घ्या आणि प्रत्यक्ष बांधलेल्या स्थितीचे नकाशे मागा. ते काम संपल्यापासून दोन वर्षांच्या आत येणे अपेक्षित असते.

सहावी पायरी : आपले स्वतःचे आवार

दुसऱ्यांना नोटिसा देणाऱ्या नगराचे आवार आधी स्वच्छ असले पाहिजे. देखभाल गॅरेज, वाहनांचे आवार आणि कचरा हस्तांतरण केंद्र यांच्यासाठी प्रदूषण प्रतिबंधक आराखडा लागतो आणि दर तिमाहीला पाहणी करावी लागते. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकण्याचे मीठ उघड्यावर ठेवता येत नाही, त्यावर छप्पर हवे. रस्ते वर्षातून किमान एकदा, बर्फ गेल्यानंतर वसंतात, झाडायचे असतात, कारण हिवाळाभर टाकलेली वाळू तेव्हा कडेला साचलेली असते. कॅच बेसिन मात्र ठरावीक तारखेला साफ करायचे नसतात. कोणतेही बेसिन कधीही निम्म्याहून अधिक भरलेले नसावे अशी अट आहे. याचा अर्थ प्रत्येक बेसिनमधील गाळाची खोली मोजून लिहून ठेवावी लागते. दोन वर्षांच्या नोंदी जमल्या की कोणता रस्ता लवकर भरतो ते कळते आणि ट्रकची फेरी शहाणपणाने आखता येते.

लोकशिक्षणाबद्दल थोडेच सांगतो. मॅसॅच्युसेट्समध्ये रहिवासी, व्यापारी व संस्था, विकासक आणि उद्योग या चार गटांना परवान्याच्या काळात प्रत्येकी किमान दोन संदेश द्यायचे असतात, आणि ते पोहोचले की नाही हे कोणत्या मापाने ठरवणार तेही सांगायचे असते. शेजारच्या नगरांशी मिळून हे काम केले तर खर्च वाटला जातो, आणि केंद्रीय नियम त्याला परवानगी देतात. अट न पाळल्याची जबाबदारी मात्र आपलीच राहते.

सातवी पायरी : आपली नदी आजारी आहे का, ते पाहा

कायद्याच्या कलम ३०३ नुसार प्रत्येक राज्य आपल्या दूषित पाण्यांची यादी ठेवते, आणि अशा पाण्यासाठी प्रदूषकाची दैनिक कमाल मर्यादा ठरवली जाते. आपले एखादे आउटफॉल अशा पाण्यात उघडत असेल, तर सहा किमान उपायांपलीकडच्या अटी लागू होतात. बॉस्टनजवळची चार्ल्स नदी हे ठळक उदाहरण आहे. फॉस्फरसमुळे तेथे शेवाळ वाढते, आणि तिच्या पाणलोटातील नगरांना फॉस्फरस नियंत्रणाचा आराखडा करून ठरलेली घट २० वर्षांत साधायची आहे. हे काम झाडूने होणारे नाही, त्यासाठी बांधकामे आणि पैसा दोन्ही लागतात.

याच विषयावर मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सॅन फ्रान्सिस्को शहराच्या खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. खटला संयुक्त वाहिन्यांच्या परवान्याचा होता, पण नदीच्या पाण्याचा दर्जा बिघडता कामा नये एवढीच अंतिम अट घालून परवानाधारकाला त्यासाठी जबाबदार धरता येणार नाही, काय करायचे ते परवाना देणाऱ्याने सांगितले पाहिजे, असे न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. आपल्या परवान्यात अशी सर्वसाधारण अट असेल, तर नगराच्या वकिलाशी बोला. ठरावीक कामांच्या अटी मात्र या निर्णयाने सैल होत नाहीत.

आठवी पायरी : अहवाल, सही आणि पैसा

मॅसॅच्युसेट्समध्ये अहवालाचे वर्ष ३० जूनला संपते आणि त्यानंतर ९० दिवसांत वार्षिक अहवाल द्यावा लागतो. त्यावर नगरप्रमुखाची किंवा त्यांनी लेखी अधिकार दिलेल्या व्यक्तीची सही लागते, आणि खोट्या माहितीबद्दल दंड व तुरुंगवास होऊ शकतो असे त्या सहीवरच्या मजकुरात लिहिलेले असते. म्हणून कच्चा अहवाल ऑगस्टमध्येच सही करणाऱ्याच्या हातात द्या आणि राहिलेली कामे लपवू नका. राहिलेले काम, त्याचे कारण आणि नवी तारीख हे तिन्ही लिहिलेले असेल, तर तपासणी अधिकारी सहसा समजून घेतात असा माझा अनुभव आहे. कायद्याचा भंग झाल्यास दिवाणी दंड प्रत्येक उल्लंघनाला दिवसाला ६० हजार डॉलरहून अधिक होऊ शकतो, आणि ६० दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही नगरावर दावा लावू शकतात.

पैशाची व्यवस्था हा नगरातला सर्वांत कठीण संवाद असतो. मालमत्ता कराच्या सामान्य निधीतून हा खर्च भागवला, की शाळा आणि अग्निशमन दलापुढे तो दरवर्षी मागे पडतो. म्हणून अनेक शहरांनी पर्जन्यजल शुल्क सुरू केले आहे. वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू शहराने ते १९७४ मध्येच केले. मालमत्तेवरील पाणी न मुरणाऱ्या क्षेत्रानुसार शुल्क घेतले, तर मोठ्या वाहनतळांचे मालक आपला वाटा उचलतात, आणि मला ही पद्धत न्याय्य वाटते. न्यू जर्सीत २०१९ च्या कायद्याने नगरांना हा अधिकार मिळाला, तेव्हा विरोधकांनी त्याला ‘पावसावरचा कर’ म्हटले. हा शब्द तुमच्याही सभेत ऐकू येईल, तेव्हा कॅच बेसिनच्या नोंदी आणि आउटफॉलचा नकाशा बरोबर घेऊन जा.

परवान्याची पाच वर्षे सरली आणि नवा परवाना निघाला नाही, तर वेळेत अर्ज केलेल्या नगरांसाठी जुनाच परवाना प्रशासकीयरीत्या चालू राहतो. मॅसॅच्युसेट्समध्ये तसेच घडले. त्या काळातही प्रत्येक अट लागू असते आणि वार्षिक अहवाल द्यावाच लागतो. नव्या परवान्याचा मसुदा जाहीर झाला, की सूचनांच्या मुदतीत आपल्या नोंदींच्या आधाराने लेखी हरकती पाठवा.